पाळी तीन-तीन महिने लांबते तेव्हा आत काय चाललेलं असतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 26. पाळी पहिल्यापासून थोडी पुढे-मागे व्हायची, पण गेल्या दोन वर्षांत फारच लांबू लागली. शेवटच्या पाळ्यांमधली अंतरं 38, 47 आणि 64 दिवस, आणि आता 104 दिवस झाले तरी आलेली नाही. मधूनमधून छाती दुखते, पोट फुगतं, ओटीपोट जड होतं, आज-उद्या येईल असं वाटतं आणि येत नाही. हनुवटीवर राठ केस, जबड्याच्या कडेनं पिंपल्स, मानेवर काळपटपणा. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत अनेक लहान गाठी दिसल्या. मागे एकदा पाच दिवसांच्या गोळ्यांनी पाळी आली, पण पुन्हा थांबली. 40व्या आणि 55व्या दिवशी केलेल्या प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह आल्या. विचारायचंय ते हे: न आलेलं रक्त आत साठतंय का, पुन्हा त्याच गोळ्या घ्याव्यात का, आणि पुढे मूल होईल ना?

ही लक्षणं पीसीओएसकडे (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) बोट दाखवतात, म्हणजे अंडाशयातलं बीज वेळेवर न सुटणं आणि पुरुषी हार्मोनचा जोर वाढणं. आधी साठण्याचं. नाही, रक्त साठत नाही. पाळीत जातं ते महिनाभर आत जमवलेलं रक्त नसतं. गर्भाशयाचं आतलं अस्तर सुटायला लागतं, त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि रक्तस्राव तेव्हा सुरू होतो. अस्तर सुटलंच नाही तर रक्त यायचं कारणच नाही. त्यामुळे 'घाण अंगातच राहिली म्हणून तोंडावर पिंपल्स आले, म्हणून वजन वाढलं' ही भीती मनातून काढून टाका. पिंपल्स, वजन आणि लांबलेली पाळी यांचं मूळ एकच असू शकतं, पण पिंपल्स काही थांबलेल्या रक्तामुळे येत नाहीत.

मात्र अस्तर स्वतः वाढत असू शकतं, आणि लक्ष द्यायचं ते तिथे. एरवीच्या चक्रात अंडाशयातली एक पुटिका, म्हणजे बीज असलेली पाण्याची बारीक पिशवी, मोठी होते, तिच्यातून इस्ट्रोजेन हे हार्मोन तयार होतं आणि त्याच्या जोरावर अस्तर जाड होतं. मग बीज सुटतं. रिकाम्या झालेल्या त्याच पुटिकेतून प्रोजेस्टेरॉन यायला लागतं आणि ते अस्तराची वाढ आवरून धरतं. गर्भ राहिला नाही तर सुमारे दोन आठवड्यांनी प्रोजेस्टेरॉन खाली येतं आणि अस्तर एकदम, सगळीकडून सुटतं. तीच पाळी. म्हणजे पाळी केव्हा येणार हे बीज केव्हा सुटलं यावर ठरतं. 'पाळी का येत नाही' या प्रश्नाच्या आधी 'बीज सुटतंय का' हा प्रश्न येतो, आणि पीसीओएसमधली बहुतेक लक्षणं या दुसऱ्या प्रश्नापासून उलगडत जातात.

तुमच्याच तारखा घ्या. 38 दिवसांच्या चक्रात बीज साधारण 24व्या दिवशी सुटलं असावं, 47 दिवसांच्या चक्रात 33व्या दिवसाच्या आसपास. पाळीपूर्वीचे दोन आठवडे फारसे बदलत नाहीत, लांबतो तो आधीचा भाग. 64 दिवसांच्या वेळी दोन शक्यता आहेत. एक तर बीज 50व्या दिवसाच्या आसपास सुटलं, किंवा सुटलंच नाही आणि इस्ट्रोजेनवर वाढत गेलेलं अस्तर स्वतःचा भार न पेलून तुकड्या-तुकड्यानं सुटू लागलं. दुसऱ्या प्रकारातला रक्तस्राव बहुधा वेगळा असतो. आधी चार-पाच दिवस नुसते डाग, मग एकाएकी अंगावर खूप जाणं, गाठी पडणं, दहा-बारा दिवस न थांबणं. तारीख लिहून ठेवणाऱ्या पुष्कळ जणी असतात, पण रक्तस्राव कसा होता हे फार थोड्या लिहितात. ते लिहा. डॉक्टरला त्यातून खूप कळतं.

छाती दुखणं आणि पोट फुगणं याचा अर्थ पाळी अगदी दाराशी आली आहे, असा होत नाही. पुटिका थोड्या वाढतात, थांबतात, पुन्हा नव्या वाढतात. इस्ट्रोजेन वर-खाली होत राहतं आणि शरीर पाळीआधीची सगळी लक्षणं दाखवतं. याच कारणानं पांढऱ्या पाण्याचा पातळ, तार सुटणारा स्राव महिन्यात दोन-तीनदाही दिसू शकतो आणि तरी बीज सुटलेलं नसतं. बीज सुटण्याचा दिवस सांगणाऱ्या घरगुती पट्ट्याही पीसीओएसमध्ये फसवतात, कारण त्या एलएच हे हार्मोन मोजतात आणि ते यात अनेकींच्या शरीरात मुळातच वाढलेलं असतं. पट्टी पॉझिटिव्ह आली म्हणजे बीज सुटलं, असं धरून चालू नका.

आता 104 दिवसांबद्दल. प्रेग्नन्सी टेस्ट आणखी एकदा करा, उद्याच. तुमची दुसरी टेस्ट 55व्या दिवशीची आहे आणि त्यानंतरही संबंध आलेले असतील तर तिचा आज उपयोग नाही. पाळी अनियमित असताना टेस्टचा हिशेब पाळीच्या तारखेवरून करता येत नाही. शेवटच्या असुरक्षित संबंधाला 21 दिवस झाल्यावर केलेली टेस्ट विश्वासार्ह धरायची. पीसीओएस आहे म्हणजे दिवस राहणारच नाहीत, या समजुतीनं गर्भनिरोधक सोडून देणाऱ्या स्त्रिया मी नेहमी बघते. बीज क्वचित सुटतं, पण केव्हा सुटेल याचा नेम नसतो, आणि ते पाळीच्या आधी सुटतं. पाळी आली नाही म्हणून धोका नाही, असं गणित इथे लागू पडत नाही.

हे सगळं का होतं? दोन गोष्टी एकमेकींना ढकलत असतात. मेंदूतून येणाऱ्या एलएचच्या लहरी जास्त वेगानं येतात आणि अंडाशयाला पुरुषी हार्मोन म्हणजे अँड्रोजेन जास्त तयार करायला लावतात. दुसरीकडे अनेकींच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम नीट होत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जास्त सोडतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला त्याच कामात जोर देतं, शिवाय यकृतात तयार होणारं एसएचबीजी नावाचं प्रथिन कमी करतं. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन बांधून ठेवणं हे त्या प्रथिनाचं काम. ते कमी पडलं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. एकूण पातळी रिपोर्टमध्ये 'नॉर्मल' असूनही हनुवटीवर राठ केस येतात ते म्हणूनच. आणि या वातावरणात पुटिका काही मिलिमीटरपर्यंत वाढून तिथेच अडकतात. एकही पुढे जाऊन फुटत नाही.

सोनोग्राफीत दिसलेल्या 'गाठी' याच. अर्धवट थांबलेल्या पुटिका, प्रत्येकीत एक बीज. त्या काढायच्या नसतात, त्या विरघळवायचं औषध नसतं, त्यांचा कॅन्सर होत नाही आणि त्यांनी सहसा दुखतही नाही. पाळीत असह्य वेदना असतील, संबंधाच्या वेळी खोल दुखत असेल, तर ते पीसीओएसच्या माथी मारून सोडून देऊ नका. एंडोमेट्रिओसिससारखं (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणं) दुसरं कारण शोधायला सांगा. आणखी एक सांगते. पाळी अगदी नियमित असलेल्या, कसलाच त्रास नसलेल्या कितीतरी तरुण मुलींच्या सोनोग्राफीत अशा पुटिका दिसतात. फक्त त्या रिपोर्टवरून कुणाला पीसीओएस ठरवता येत नाही. पहिली पाळी येऊन आठ वर्षं झालेली नसतील तर निदानासाठी सोनोग्राफी वापरूच नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

मानेच्या काळपटपणाबद्दल तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. मी तो आधी बघते. हात फिरवला तर तिथली कातडी मखमलीसारखी, किंचित जाड लागते, घड्या ठळक दिसतात, कधी बारीक लोंबते मसेही असतात. काखेत आणि जांघेतही तसंच असू शकतं. तो मळ नसतो. मळ समजून घासून घासून लाल केलेल्या माना घेऊन मुली येतात, आणि कुणीतरी त्यांना अस्वच्छ म्हटलेलं असतं, याचं मला फार वाईट वाटतं. हा शरीरात इन्सुलिन जास्त असल्याचा बाहेर दिसणारा पुरावा आहे. क्रीम लावून तो फारसा जात नाही, इन्सुलिन उतरलं की हळूहळू फिका होतो.

निदानासाठी तीन गोष्टींपैकी दोन लागतात: अनियमित पाळी, वाढलेले अँड्रोजेन (लक्षणांतून किंवा रक्तातून), आणि सोनोग्राफीतलं चित्र. 2003 साली रॉटरडॅमच्या बैठकीत हे ठरलं आणि 2023च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रौढ स्त्रियांसाठी सोनोग्राफीऐवजी एएमएचची, म्हणजे लहान पुटिकांतून येणाऱ्या एका हार्मोनची, रक्ततपासणीही चालेल, असं म्हटलं. किशोरवयीन मुलींमध्ये मात्र पहिल्या दोन्ही गोष्टी असायला हव्यात. अनियमित म्हणजे काय, याचंही माप आहे. पहिल्या पाळीनंतर तीन वर्षं उलटली की 21 दिवसांपेक्षा लवकर, 35 दिवसांपेक्षा उशिरा किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या. तुमच्या बाबतीत पाळी आणि राठ केस एवढ्यावरच निदान उभं राहतं. पण एक अट आहे: अशीच लक्षणं देणारे दुसरे आजार आधी वगळायचे.

हा भाग घाईत सुटतो, म्हणून जरा थांबून सांगते. टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) या दोन तपासण्या झाल्याच पाहिजेत. थायरॉइड मंद असेल तरी पाळी बिघडते. प्रोलॅक्टिन वाढलेलं असेल तर पाळी थांबते आणि कधी स्तनातून दुधासारखा स्राव येतो. मनोविकारावरची काही औषधं आणि उलटी-मळमळीवर सर्रास घेतली जाणारी डॉम्पेरिडोनसारखी गोळीही ते वाढवते, तेव्हा चालू असलेलं प्रत्येक औषध डॉक्टरांना सांगा. रक्तातलं 17-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन बघतात ते मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीचा एक जन्मजात दोष वगळण्यासाठी. झपाट्यानं वजन उतरवलेल्या, फार कमी खाणाऱ्या किंवा अतिव्यायाम करणाऱ्या मुलीची पाळी थांबली तर कारण उलटं असतं. तिथे मेंदू अंडाशयाला संदेशच देईनासा होतो, इस्ट्रोजेन कमी पडतं, हाडं ठिसूळ होऊ लागतात. अशा मुलीला सोनोग्राफी बघून पीसीओएस ठरवलं आणि 'वजन उतरव' म्हटलं तर तिचं नुकसान होतं. आणि वयाच्या 40च्या आत अंडाशयाचं काम मंदावत असेल तर एफएसएच, म्हणजे अंडाशयाला कामाला लावणारं मेंदूकडचं हार्मोन, वाढलेलं दिसतं.

'21व्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन' सांगितलं असेल तर एक लक्षात घ्या. तो दिवस 28 दिवसांच्या चक्रासाठी आहे. ही तपासणी पाळीच्या सुमारे आठवडाभर आधी व्हायला हवी. तुमच्या 47 दिवसांच्या चक्रात ती 21व्या दिवशी केली असती तर बीज सुटायच्या आधीच मोजल्यासारखं झालं असतं, आणि रिपोर्ट उगाच घाबरवून गेला असता. टेस्टोस्टेरॉन मोजायचं असेल तर एसएचबीजीही मोजा. संततिनियमनाच्या गोळ्या चालू असताना हे आकडे खरे येत नाहीत, त्या थांबवून तीन महिने जावे लागतात. साखरेसाठी नुसती उपाशीपोटीची तपासणी बऱ्याचदा अपुरी पडते. 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी जास्त सांगते. बरोबर रक्तदाब आणि रक्तातल्या चरबीची तपासणी.

आता गोळ्या. तुम्हाला पाच दिवस दिल्या त्या प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या होत्या. गोळ्या संपल्यावर साधारण आठवड्याभरात रक्तस्राव झाला, यातून चांगली बातमी कळते. तुमच्या शरीरात इस्ट्रोजेन आहे, अस्तर वाढतं आणि बाहेर यायची वाट मोकळी आहे. पण बीज सुटण्याशी त्या गोळ्यांचा संबंध नाही, म्हणून पुढच्या महिन्यात पाळी आपोआप येण्याचं कारण नव्हतं. 'गोळ्या लागू पडल्या नाहीत' असं नाही, त्यांचं काम तेवढंच होतं.

ते काम कमी महत्त्वाचं मात्र नाही. बीज महिनोन्महिने सुटलं नाही तर अस्तरावर इस्ट्रोजेनच काम करत राहतं, त्याला आवरणारं प्रोजेस्टेरॉन नसतं. वर्षानुवर्षं असं चाललं तर अस्तराच्या पेशींत बदल होऊ शकतात, आणि पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे. प्रत्यक्षात तो होणाऱ्यांची संख्या थोडी आहे आणि तो टाळता येतो. म्हणून 90 दिवस ही रेघ धरायची. त्याच्या आत अस्तर एकदा सुटलं पाहिजे किंवा औषधानं पातळ राहिलं पाहिजे. तुम्ही ती रेघ ओलांडली आहे, म्हणून टेस्ट निगेटिव्ह आली तर या आठवड्यात डॉक्टरांना भेटा. जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या स्वतः आणू नका. दिवस राहिलेले असतील तर सगळंच वेगळं होतं, आणि अस्तर फार जाड दिसलं तर गोळ्यांआधी ते नीट तपासावं लागतं.

लगेच मूल नको असेल तर एकत्र हार्मोनच्या (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं, दोन्ही असलेल्या) संततिनियमनाच्या गोळ्या हा पहिला औषधी पर्याय आहे. त्या अस्तर पातळ ठेवतात, एसएचबीजी वाढवून मोकळं टेस्टोस्टेरॉन उतरवतात, त्यामुळे पिंपल्स आणि केसांवरही परिणाम होतो. यांनी पुढे वंध्यत्व येतं ही भीती निराधार आहे. पण गोळ्या चालू असतानाचा महिन्याचा रक्तस्राव औषधाच्या खंडामुळे येतो, पीसीओएस बरा झाल्यामुळे नाही, हे आधीच माहीत असलं म्हणजे गोळ्या बंद केल्यावर निराशा होत नाही. डोळ्यांसमोर झगमग होऊन येणारी अर्धशिशी, रक्तात गुठळी झाल्याचा इतिहास, न आवरलेला रक्तदाब किंवा 35 वर्षांनंतर धूम्रपान असेल तर या गोळ्या चालत नाहीत. मग दर दोन-तीन महिन्यांनी प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांचा कोर्स किंवा हार्मोन सोडणारी गर्भाशयातली तांबी असे मार्ग आहेत. अशा तांबीवर पाळी अगदी थोडी येते किंवा येतच नाही, आणि ते सुरक्षित असतं, कारण अस्तर वाढलेलंच नसतं.

मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषध इन्सुलिनच्या बाजूनं काम करतं. काहींची पाळी त्यानं सुधारते, साखरेला मदत होते. सुरुवातीला पोट बिघडतं, म्हणून डोस हळूहळू वाढवतात, आणि वर्षानुवर्षं घेतल्यास बी12 तपासत राहावं लागतं.

केसांबाबत धीर धरावा लागतो. एकदा राठ झालेला केस औषधानं गळून जात नाही, नवे केस बारीक येऊ लागतात, आणि हे दिसायला सहा महिने तरी लागतात. तोवर लेझर, थ्रेडिंग, काहीही वापरायला हरकत नाही. काढल्यानं केस वाढत नाहीत. स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधं दिली तर गर्भनिरोधक पक्कं हवंच, कारण पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर त्यांचा परिणाम होऊ शकतो.

वजनाबद्दल बोलताना मी जपून बोलते, कारण 'वजन कमी करा, मग या' एवढंच ऐकून परत गेलेल्या स्त्रिया मला भेटतात. जादा इन्सुलिनमुळे वजन उतरणं कठीण जातं, त्या आळशी नसतात. वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्के उतरलं तरी अनेकींचं बीज पुन्हा सुटू लागतं. 80 किलो असतील तर हे चार ते आठ किलो झाले. आठवड्यात 150 मिनिटं तरी दम लागेल असं चालणं, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. काटा हलला नाही तरी याचा इन्सुलिनवर परिणाम होतो, म्हणून काट्याकडे बघून सोडून देऊ नका. पीसीओएससाठी कुठलाही एक खास आहार इतरांपेक्षा सरस ठरलेला नाही. जो वर्षभर चालवता येईल तो चांगला. सडपातळ असाल तर वजन उतरवायच्या मागे लागायचंच नाही, सडपातळ स्त्रियांनाही पीसीओएस असतो.

मन लागत नाही, झोप उडते, आरशात बघवत नाही, असं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. उदासी आणि चिंता पीसीओएसमध्ये जास्त आढळतात आणि त्यांच्यावरही उपचार आहेत. मोठ्यानं घोरणं आणि दिवसा डुलक्या येणं हेही सांगा, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास यात जास्त दिसतो.

आणि मूल. पीसीओएस असलेल्या बहुतेक स्त्रियांना मूल होतं, काहींना मदतीनं, अनेकींना मदतीशिवाय. अडचण बीज नसण्याची नसते, ते वेळेवर न सुटण्याची असते, आणि तेवढं करवून घेणं आज तुलनेनं सोपं आहे. लेट्रोझोल हे बीज सुटायला लावणारं पहिलं औषध. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या 750 स्त्रियांच्या एका अमेरिकी अभ्यासात, पाच चक्रांपर्यंतच्या उपचारात लेट्रोझोल घेणाऱ्या 27.5 टक्के जणींना मूल झालं, जुन्या क्लोमिफेनवर 19.1 टक्के. तेवढ्यानं न जमलं तर इंजेक्शनं आणि आयव्हीएफ हे पुढचे मार्ग आहेतच. गर्भ राहायच्या आधी साखर आणि रक्तदाब तपासून घ्या, कारण गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका यात जास्त असतो. पाळी इतकी लांबत असेल तर प्रयत्न सुरू करून वर्षभर वाट बघू नका, ठरवल्याबरोबर डॉक्टरांना भेटा.

काही गोष्टींसाठी मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. तासाला एक पॅड भिजतोय आणि दोन तासांत आवरत नाही, चक्कर येते. टेस्ट पॉझिटिव्ह आहे आणि पोटात एका बाजूला दुखतंय. लांबलेल्या पाळीत अचानक तीव्र पोटदुखी झाली: त्याच दिवशी दाखवा. आवाज घोगरा होणं, डोक्याच्या पुढच्या भागातले केस झपाट्यानं जाणं, राठ केस काही महिन्यांतच सगळीकडे वाढणं हे पीसीओएसचं वागणं नाही. तो वर्षांच्या गतीनं वाढतो. इतक्या वेगानं बदल होत असतील तर अंडाशयात किंवा अॅड्रिनल ग्रंथीत अँड्रोजेन तयार करणारी गाठ नाही ना, हे लगेच बघावं लागतं.

डॉक्टरांकडे जाताना वर्षभराच्या तारखा, प्रत्येक वेळचा रक्तस्राव किती दिवस आणि कसा, चालू असलेली औषधं, वजनातला फरक आणि घरात कुणाला मधुमेह आहे का, हे एका कागदावर लिहून न्या. टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि ग्लुकोजची तपासणी झाली नसेल तर स्वतःहून विचारा. गोळ्यांनंतर रक्तस्राव सुरू झाला की तो दिवस पहिला धरून मोजायला लागा. दोन आठवडे उलटूनही आलाच नाही तर टेस्ट पुन्हा करा आणि परत दाखवा.